दोनदा भरलेला सारा

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिण्याचा मला काही अधिकार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकपर्यंतसुद्धा गेलेलं नाही. लिहिणं म्हणजे आमच्याकडे आजवर चिकूच्या करंड्यांवर निळ्या शाईने आडत्याची खूण घालणं, किंवा कोणी वारलं तर पत्र टाकणं. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. नवरा-बायकोच्या पैशांबद्दल लिहायचं तर निदान लग्न तरी झालेलं असावं; माझं तेही नाही. शिवाय जे लिहिणार आहे ते माझ्याच आईवडिलांबद्दल आहे. वडिलांना थोडंफार वाचता येतं. हे त्यांच्या हाती पडलंच तर त्यांनी या चार ओळींतच मला माफ करावं आणि पुढे वाचू नये, एवढीच विनंती.

आमची वाडी डहाणूजवळ, नरपडला. वाडी मोठी नाही, पण चिकू आणि नारळ आहेत, आणि त्यांच्या सावलीत मिरची, आलं, मोगरा, थोडी पालेभाजी. आमच्या घरात पूर्वीपासून एक वहिवाट आहे. झाडाला जे लागतं ते वडिलांचं. झाडाखाली जे उगवतं ते आईचं. चिकू फांदीवर असेपर्यंत वडिलांचा. वाऱ्याने खाली पडला की त्याच क्षणी आईचा. त्यामुळे जोराचा वारा सुटला की वडिलांचा चेहरा उतरायचा आणि आई टोपली शोधायला लागायची. एकदा आई झाडाला टेकून उभी राहिली म्हणून वडिलांनी तिला हटकलं होतं.

"झाड हलवू नकोस."

"पाठ खाजवत होते हो."

"भिंतीला खाजव."

वडिलांचे पैसे बंडीच्या आतल्या खिशात राहत. आईचे कुठे राहत ते मला आजही माहीत नाही, आणि मी तिचा मुलगा आहे. एकमेकांना पैशांबद्दल विचारायचं नाही, हा दुसरा नियम. दोघंही तो इतक्या काटेकोरपणे पाळत की घरात दोन वेगळी बिऱ्हाडं राहतात असं एखाद्या परक्याला वाटलं असतं. फक्त चूल एक होती.

या वाडीखेरीज आमची आणखी थोडी जमीन होती, तलासरीकडे. ती आईच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजांनी, आईच्या लग्नानंतर दिली होती. भाताचे दोन तुकडे. आजा हिशेबी माणूस. एकट्या मुलीच्या नावावर केली तर जावई रुसेल, एकट्या जावयाच्या नावावर केली तर विकून मोकळा होईल, असा विचार करून त्यांनी ती दोघांच्या नावे सामाईक केली. जमीन मामा कसायचा आणि अर्धं भात आमच्याकडे पोचवायचा. सारा मात्र आम्ही भरायचा, असं ठरलं होतं. 'आम्ही' म्हणजे कोणी, हे आजांनी सांगितलं नाही. एवढा हिशेबी माणूस तिथे कसा चुकला कोण जाणे.

माझी आई आणि वडील दरवर्षी भांडत. विषय कोणताही असो, भांडण एकाच जागी येऊन संपे. वडील म्हणत, "तलासरीच्या जमिनीचा सारा कोण भरतं, आठवतं ना?" आई म्हणे, "चांगलं आठवतं!" आणि दोघंही जिंकल्यासारखे आपापल्या कामाला लागत. मी लहानपणापासून हे ऐकत आलो होतो. मला वाटायचं, निदान या एका बाबतीत तरी या दोघांचं एकमत आहे.

मुंबई राज्याचे दोन भाग झाले, सरहद्द नव्याने आखली गेली आणि तलासरी आपल्या बाजूला राहिली. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, मी इंटरची परीक्षा देऊन मे महिन्याच्या सुट्टीत घरी आलो होतो, तेव्हा पोस्टमनने एक खाकी पाकीट आणलं. वडिलांनी ते उलटसुलट करून माझ्या हातात दिलं. मी कॉलेजात जात असल्याने घरातलं सरकारी मराठी आता माझ्याकडे आलं होतं. मी ओटीवर उभा राहून मोठ्याने वाचलं. आई दारात येऊन थांबली. माझी धाकटी बहीण भिंतीला टेकून चिंचा फोडत होती.

पत्राचा अर्थ असा होता: सदर जमिनीचा सारा गेली तीन वर्षं दोनदा भरला गेला आहे; त्याआधीचं दप्तर मिळत नाही. जुनं खातं नव्या खात्यात मिळवताना हे ध्यानात आलं. जास्तीचे चौतीस रुपये आणि वर काही पैसे परत करायचे आहेत. खातं सामाईक असल्याने दोघांनी जातीने हजर राहून सही अथवा अंगठा करून घेऊन जावेत.

यात कचेरीची काही चूक नव्हती. चूक आमच्या घरातली होती. वडील दरवर्षी होळीच्या सुमारास धुतलेला सदरा घालून 'जरा काम आहे' म्हणून निघायचे, एसटीने तलासरीला जायचे, खात्यावरची दोन नावं सांगून सारा भरायचे, भजी खायचे आणि परत यायचे. आई त्याच दिवसांत मामाच्या हातात फडक्यात बांधलेले पैसे द्यायची. मामा चावडीवर जाऊन ते भरायचा. पण कोणाच्या नावाने म्हणून विचारलं की मामाच्या तोंडी आजांचंच नाव यायचं. आजा वारून चार वर्षं झाली होती, पण मामाच्या लेखी जमीन त्यांचीच होती. जुनं खातं अजून बंद झालेलं नव्हतं. एका जमिनीचा सारा असा दोन खात्यांवर जमा होत राहिला.

मी वाचून थांबलो.

"म्हणजे तू भरत होतीस?" वडील म्हणाले.

"म्हणजे तुम्ही भरत होतात?" आई म्हणाली.

एकाच कुंपणावर दोन बाजूंनी चढलेले दोन चोर वर समोरासमोर यावेत, तसे ते एकमेकांकडे पाहत राहिले. क्षणभर मला वाटलं, दोघं हसतील. हसले असते तर हे लिहायची वेळ आली नसती.

"हरकत नाही," वडील सावरून म्हणाले. "ज्याचे जास्तीचे, त्याला परत. सरळ हिशेब आहे."

"अगदी सरळ," आई म्हणाली. "जास्तीचे माझे."

"तुझे कसे? पहिल्यांदा भरला तो खरा सारा. मागून भरला तो जास्तीचा. तूच सांगायचीस ना शेजारणींना, होळीची पोळी लाटायच्या आत माझा सारा गेलेला असतो म्हणून? मी आपला होळी झाल्यावर जायचो. म्हणजे जास्तीचे माझे."

"मी पाठवायची होळीच्या आत. भाऊ भरायचा केव्हा? त्याचा आळस काय तुम्हाला माहीत नाही? पाडवा होईपर्यंत पैसे त्याच्या फडताळात पडून राहायचे."

मी आईकडे बघतच राहिलो. आजवर या घरात मामाला आळशी म्हणायचा हक्क फक्त वडिलांना होता, आणि त्यांनी तो बजावला की आई दोन दिवस त्यांच्याशी बोलत नसे.

"तुझा भाऊ आणि आळशी?" वडील म्हणाले. "काहीतरी बोलू नकोस. त्याच्यासारखा वक्तशीर माणूस पंचक्रोशीत नाही."

वीस वर्षांत प्रथमच ते मेव्हण्याबद्दल बरं बोलले. आधी भरल्याची फुशारकी दोघांनी वर्षानुवर्षं मारली होती; आता दोघांनाही आपण उशीर केला हे सिद्ध करायचं होतं. पावत्या पाहून निकाल लावू म्हणालो, तर वडिलांच्या पावत्यांवर तारखेच्या जागी भज्यांच्या तेलाचे डाग पडले होते, आणि आईच्या पावत्या मामाने 'जपून' ठेवल्या होत्या, म्हणजे त्यांचं काय झालं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

चौतीस रुपयांसाठी एवढं कशाला, असं वाचणाऱ्याला वाटेल. आमच्याकडे चौतीस रुपये लहान नव्हते, आणि दोघांनीही ते मनातल्या मनात खर्च करून टाकले होते. वडिलांना टोल्यांचं घड्याळ हवं होतं. जवळच्या एका इराणी बागवाल्याने घरातलं जुनं सामान काढलं होतं, त्यात ते होतं, आणि वडिलांनी पाच रुपये बयाणा देऊनही ठेवला होता. घड्याळाचा आमच्या वाडीत काय उपयोग, असं मी विचारलं. ते म्हणाले, "किती वाजले ते कळेल." कळून काय करायचं, हे मी विचारलं नाही.

आईला बहिणीला शाळेत घालायचं होतं. बहीण सातवी पास झाली होती. गावातली शाळा तिथेच संपत होती. पुढे आठवीला डहाणूच्या हायस्कुलात जायचं तर प्रवेशाची फी, पुस्तकं, दोन जोडी कपडे. वडिलांचा विरोध नव्हता. ते फक्त 'पुढे बघू' म्हणत. आमच्या गावात किती मुलींची शाळा 'पुढे बघू'वर संपली ते मला माहीत होतं. बहिणीलाही माहीत होतं. तिने मागच्या वर्षी आठवीला असलेल्या एका मुलीची पुस्तकं मागून आणून त्यांना खाकी कागदाची कव्हरं घातली होती आणि ती धान्याच्या कणगीमागे ठेवली होती. शाळेत नावं जूनच्या पहिल्या आठवड्यात घेत. त्यानंतर नाही.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो. कॉलेजात आम्हाला अर्थशास्त्र होतं. कर भरणारा एक असतो आणि त्याचा भार सोसणारा दुसरा असू शकतो, असं पुस्तकात होतं, आणि ते मला फार पटलं होतं. मला वाटलं, या प्रश्नाचा न्याय्य निकाल लागू शकतो; फक्त कोणीतरी पद्धतशीर विचार करायला हवा. मी एक वही घेतली आणि गावातली जोडपी घरचा पैसा कसा वाटतात याची चौकशी सुरू केली.

पहिल्यांदा शेजारच्या वाडीवाल्या काकांकडे गेलो. ते झोपाळ्यावर बसले होते. "आमच्यात तुझं-माझं असं काही नाहीच," ते म्हणाले. "सगळं एकत्र. लिहून घे." मी लिहून घेत होतो तेव्हा मागच्या दारी काकी एका फेरीवाल्याला पडके चिकू मोजून देत होती. माझी नजर गेलेली पाहून तिने ओठांवर बोट ठेवलं. ते मी लिहून घेतलं नाही.

शाळेच्या गुरुजींनी सांगितलं, ते सगळा पगार घरात देतात आणि लागेल तसे मागून घेतात. "व्यवस्था उत्तम आहे," ते म्हणाले. पण हे म्हणण्याआधी त्यांनी मागे वळून पाहिलं. तेवढ्यात आतून आवाज आला, "परवाच्या चार आण्यांचं काय केलंत?" गुरुजी म्हणाले, "वहीत हे घालू नकोस."

धाकट्या डहाणूहून एक मावशी आमच्या दारावर मासळी घेऊन यायची. ती तेवढी मोकळी बोलली. "वाटणी कसली रे भाऊ? मासळी आणायची त्याने, विकायची मी. विकून घरी पोचेपर्यंत पैसे माझे. घरी गेल्यावर तो विचारतो, किती झाले? मी सांगेन तेवढे झाले."

"आणि खरे किती होतात?"

"हे तुझ्या कॉलेजात शिकवत नाहीत?" ती म्हणाली, आणि आईला दोन बोंबील जास्त घालून पाटी उचलून गेली.

आठ-दहा घरं झाल्यावर मी वहीत निष्कर्ष लिहिला: पैशाची वाटणी कुठेच होत नाही. वाटणी होते ती माहितीची, आणि तीही ज्याला जेवढी द्यावीशी वाटेल तेवढीच. हे मी बहिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग आपले चौतीस कधी मिळणार?"

मे संपायला आठवडा असताना आम्ही तिघं तलासरीला निघालो. डहाणूच्या स्टँडवर आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "तिघांची तिकिटं काढ. त्यांना सांगू नकोस." आणि पदराच्या गाठीतून पैसे काढून दिले. पाण्याच्या नळापाशी वडिलांनी मला गाठलं. "तिघांची तिकिटं काढ," ते म्हणाले. "तिला बोलू नकोस." माझ्या खिशात सहा जणांच्या भाड्याचे पैसे जमले. वडील पुढे ड्रायव्हरमागे बसले, आई अगदी मागे, आणि मी मध्ये. उरलेले पैसे कोणाला परत करावेत, या विचारात मी तलासरीपर्यंत गेलो.

कचेरीतले भाऊसाहेब उतारवयाचे होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी कागद काढला. "इथे सही, इथे अंगठा. पैसे मोजून घ्या."

"आधी ते कोणाचे हे ठरू द्या," वडील म्हणाले.

"ठरलंय. खातं सामाईक. दोघांचे."

"दोघांचे म्हणजे देणार कोणाच्या हातात?" आईने विचारलं.

"मी टेबलावर ठेवतो. पुढचं माझं काम नाही." भाऊसाहेबांनी आवाज खाली आणला. "बाई, माझ्या घरीही मी पगार टेबलावरच ठेवतो आणि बाहेर चक्कर मारून येतो. तीस वर्षं संसार चाललाय."

पण आई अंगठा उठवेना आणि वडील सही करेनात. ज्याने आधी हात लावला त्याने हक्क सोडला, असं दोघांनाही वाटत असावं. मागे माणसं खोळंबली होती. कोणीतरी म्हणालं, "अहो, निम्मे निम्मे घ्या आणि चालू लागा!" वडील म्हणाले, "प्रश्न पैशांचा नाही." आई म्हणाली, "हो, पैशांचा नाहीच." इथेही त्यांचं एकमत झालं.

तेव्हा मी पुढे झालो. मी विनयाने विचारलं की दोन्ही खात्यांवर कोणत्या तारखांना भरणा झाला, हे दप्तरातून कळू शकेल का.

भाऊसाहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "कॉलेजात आहात?"

"हो."

"मग सांगतो ते ऐका. अर्ज देऊ नका. अर्ज आला की मला तो वाचावा लागेल. वाचला की विचारणा करावी लागेल. जुनी दप्तरं अजून नीट लागायची आहेत. तोवर हे पैसे थांबतील."

"किती दिवस?"

"दिवस?" ते म्हणाले आणि बारीक हसले. "आज टेबलावर आहेत ते घेऊन जा, बाळ."

मी त्यांचं ऐकायला हवं होतं. पण शिकून जर खरं काय ते शोधून काढायचं नसेल तर शिकायचं कशाला, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला अर्ज लिहायचाही होता. आमच्या घराण्यातला तो पहिला अर्ज. बाहेरच्या बाकावर बसून मी तो लिहिला. 'सविनय' हा शब्द दोनदा घातला. अर्जाला कोर्ट-फीचं तिकीट लावावं लागेल म्हणाले, तर त्या उरलेल्या भाड्याच्या पैशांतून मी ते घेतलं. आईने आणि वडिलांनी एकमेकांपासून लपवून दिलेले पैसे असे दोघांच्याही विरुद्ध खर्ची पडले. भाऊसाहेबांनी अर्ज घेतला, नोटा पेटीत ठेवल्या आणि पेटीला कुलूप लावलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांना राग आला नव्हता. वाईट वाटलं होतं.

परतताना आई आणि वडील दोघंही माझ्यावर खूश होते. पोराने कचेरीत तोंड उघडलं, याचा वडिलांना अभिमान वाटत होता. आता निकाल आपल्याच बाजूने लागणार, याची दोघांनाही खात्री होती.

बहीण वाडीच्या फाटकाशी उभी होती.

"मिळाले?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. सामाईक खातं म्हणजे काय, जुन्या आणि नव्या खात्यांतला फरक, भरणा आधीचा आणि नंतरचा, तारखांचं महत्त्व. ती माझं संपल्यावर म्हणाली, "म्हणजे नाही मिळाले."

"मिळतील. निकाल लागला की."

"दादा, अर्ध्यात माझी फी झाली असती रे. पुस्तकं तर मी मागून आणलीच आहेत."

हे माझ्या वहीत कुठेच नव्हतं. मी गावातल्या आठ-दहा घरांत प्रश्न विचारत हिंडलो होतो. घरातल्या घरात हिला काही विचारायचं मला सुचलं नव्हतं. ती आत गेली. मी फाटकाशीच उभा राहिलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यातच मला परत जावं लागलं. शाळेत नावं घ्यायला त्या दिवशी सुरुवात झाली होती. निघताना मी वडिलांना म्हणालो, "हिच्या शाळेचं..." ते म्हणाले, "पुढे बघू." मी आईकडे पाहिलं. आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "निकाल येऊ दे ना तुझा." माझ्याजवळ खानावळीपुरते पैसे होते. त्यातले पाच रुपये मी बहिणीच्या हातात ठेवायला गेलो, तर तिने मूठ उघडली नाही. "तू जेव," ती म्हणाली.

मुंबईच्या वसतिगृहातून मी कचेरीला एक स्मरणपत्र पाठवलं. पंधरा दिवसांनी दुसरं. मग माझ्याच ध्यानात आलं की प्रत्येक पत्र त्या अर्जाला जोडलं जाणार, प्रत्येक पत्रावर विचारणा होणार, आणि मी जितकी घाई करेन तितका उशीर होणार. तिसरं लिहिलेलं फाडून टाकलं. वर्गात प्राध्यापक कराच्या भाराबद्दल बोलायला लागले की मी खाली बघायचो. एकदा त्यांनी मला उभं करून विचारलं, कराचा भार शेवटी कोणावर पडतो? मला उत्तर येत होतं. मी 'माहीत नाही, सर' म्हणून बसलो. आमच्या घरात तो कोणावर पडला होता ते मला तिथे सांगता येईना.

घरी दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. आईला लिहिता येत नाही, वडील लिहीत नाहीत, आणि बहिणीने न लिहिण्याला कारण होतं. पावसाळा पुरता लागला. नरपडहून कोणी माणूस मुंबईत येतो का याची मी वाट पाहायचो, आणि आलाच तर त्याला विचारायचा धीर होणार नाही असंही वाटायचं.

शेवटी जुलैच्या अखेरीस एक कार्ड आलं. अक्षर बहिणीचं होतं, बारीक. कडेच्या समासातसुद्धा लिहिलेलं. खानावळीच्या जिन्यात उभ्या उभ्या वाचलं. ते मी अजून जपून ठेवलं आहे. वरचा नमस्कार सोडून बाकीचं जसंच्या तसं उतरवतो.

"दादा, तुझी दोन्ही पत्रं मिळाली. कचेरीतून अजून काही आलं नाही. भाऊसाहेब मामाला म्हणाले, अर्ज वर गेला आहे. मी शाळेत जाते. आठवीत. रागावून लिहिलं नाही असं समजू नकोस, आधी नक्की काय झालं ते मलाच कळत नव्हतं. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी आईने कोंबड्या विकल्या आणि पैसे मामाकडे दिले. मामा शाळेत जाऊन माझी फी भरून आला. मामाने माझं घरातलं नाव सांगितलं, त्याला बारशाचं नाव आठवलं नाही. त्यानंतर दोन दिवसांनी बाबा इराण्याकडून घड्याळाचा बयाणा परत घेऊन आले, त्यात भर घालून शाळेत गेले आणि माझी फी भरून आले. त्यांनी बारशाचं नाव सांगितलं. आईला बाबांचं माहीत नाही, बाबांना आईचं माहीत नाही. दोघंही मला वेगवेगळे येऊन म्हणाले, फी मी भरली, पण घरात बोलू नकोस. परवा भांडले तेव्हा बाबा म्हणाले, पोरीची फी कोणी भरली आठवतं ना? आई म्हणाली, चांगलं आठवतं. मी चिंचेच्या झाडामागे जाऊन हसले.

"शाळेत माझी दोन नावं लागली आहेत. अ तुकडीत मी बसते. ब तुकडीत माझी रोज गैरहजेरी लागत होती. ब तुकडीचे सर त्या मुलीला शोधत होते, तेव्हा मीच सांगितलं की ती मी आहे. सर म्हणाले, फी दोनदा आली आहे, जास्तीची परत करायची तर आईच्या नावे करू की वडिलांच्या? मी म्हटलं, कोणाच्याच नावे नको, नववीसाठी धरा. सरांनी थोडा विचार केला आणि बरं म्हणाले. त्यांनी तसं वहीत लिहूनही घेतलं आहे, मी पाहिलं. म्हणजे नववीचंही झालं. तू मात्र याबद्दल कोणाला अर्ज करू नकोस."